१८७ पेपर असलेल्या डॉक्टरांची यादी कशी वाचावी?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सगळ्यांना नीट लागेल. नौपाड्यात राहणाऱ्या एका मुलीने लिहिलंय. वडील ६७ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झालेले. फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. बायोप्सीत पीडी-एल१ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) ६० टक्के आलंय आणि त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांनी, म्हणजे ऑन्कॉलॉजिस्टनी, पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुचवलंय. इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणं. तेवढ्यात मावसभावाने एका क्लिनिकचं माहितीपत्रक आणून दिलं. त्यावर डॉक्टरांच्या फोटोखाली ‘इम्युनोथेरपीतील अग्रगण्य संशोधक, १८७ आंतरराष्ट्रीय शोधनिबंध’ असं छापलंय. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी घेऊन त्यांची ‘कॅन्सरची लस’ करतात आणि सहा डोस देतात म्हणे. पोरगी हुशार. तिने क्लिनिककडे पेपरांची यादी मागितली, १४ पानं मिळाली, ती तिने मला पाठवली. विचारते, “या यादीवरून माणूस केवढा मोठा आहे ते कळतं का? आणि बाबांना तिकडे न्यावं का?”

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्रवाली आहे. खारघर-बेलापूर पट्ट्यात २४ वर्षं कॅन्सरच्या ट्रायल्सचा, म्हणजे रुग्णांवरच्या औषधचाचण्यांचा, डेटा सांभाळते, नंतरची काही वर्षं अशा चाचण्यांना संमती देणाऱ्या एका एथिक्स कमिटीवरही होते. आईच्या भाषेत, “ही कॅन्सरचे हिशेब लिहिते.” त्यामुळे औषधाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. यादी वाचणं मात्र माझ्या रोजच्या पोटापाण्याचं काम आहे.

तर ताई, १८७ हा आकडा खरा असला तरी त्याने काहीच सांगितलेलं नाही. यादी मोजायची नसते, सोलायची असते. रविवारी दुपारी मी तुमची पानं जेवणाच्या टेबलावर पसरली, पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ पबमेडवर टाकत गेले. पबमेड म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची फुकट शोधयादी. १९९६पासून कुणालाही खुली आहे, तुम्हालाही. दोन तास लागले. पहिली पाच पानं तर फक्त परिषदांतली पोस्टर आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. परिषदेला जाऊन भिंतीवर चिकटवलेला तक्ता म्हणजे पेपर नव्हे. त्यात वाईट काही नाही, आम्हीही लावतो. पण त्याची तपासणी पेपरसारखी कडक होत नाही, आणि तोच अभ्यास पुढे पेपर म्हणून छापला की यादीत त्याच्या दोन नोंदी होतात. तुमच्या यादीत असे जुळे बरेच निघाले. मग संपादकांना लिहिलेली पत्रं. मग एकेका रुग्णाच्या केस रिपोर्ट. पुस्तकातली प्रकरणं. हे सगळं बाजूला ठेवलं तेव्हा चौदाची साडेचार पानं उरली.

आणि मग पान ९ वर मी अडखळले. तिथे दाताच्या रूट कॅनालवरचा पेपर! पुढच्या ओळीत उसावरच्या किडीचा. इम्युनोथेरपीच्या डॉक्टरांनी उसावर कधी काम केलं?

यात लबाडी असेलच असं नाही. हा आपल्या नावांचा घोळ आहे, आणि परदेशी वाचकाला तो समजावून सांगता सांगता माझी अर्धी कारकीर्द गेली. जर्नलमध्ये नाव छापतात ते आडनाव आणि आद्याक्षरं. आता पाटील एस, कुलकर्णी ए, जोशी एम हे पबमेडवर टाकून बघा. पुण्याचा भूलतज्ज्ञ, साताऱ्याची दंतवैद्य, अकोल्याचा कृषी शास्त्रज्ञ, ह्यूस्टनमधला कुणी, सगळे एकाच नावाखाली रांगेत उभे. वडिलांचं नाव मध्ये घातलं तर एस व्ही, न घातलं तर नुसता एस, म्हणजे एकाच माणसाची दोन माणसं. बायकांचं तर विचारूच नका. माझे लग्नाआधीचे तीन पेपर माहेरच्या आडनावावर आहेत, आणि गुगल स्कॉलरच्या मते ती बाई वेगळी. उलट बाजूने तेच गुगल स्कॉलर माझ्या खात्यात एका जळगावच्या प्राध्यापकांचे केळीवरचे निबंध टाकतं. मी ते दर वर्षी काढते. काही लोक काढत नाहीत. आकडा वाढत असेल तर काढायची घाई कुणाला असते?

यावर उपाय म्हणून २०१२पासून ऑर्किड नावाचा १६ आकडी नंबर निघालाय. संशोधकाचं आधार कार्ड समजा. क्लिनिकला फोन करून विचारायचं, “डॉक्टरांचा ऑर्किड नंबर द्याल का?” संशोधनात मुरलेल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटत नाही. समोरून “तो कशाला?” असं आलं तर तेही एक उत्तरच.

साडेचार पानांतून उसासारखे उपरे काढले, राहिले ३१ पेपर. आता लेखकांचा क्रम. आमच्या क्षेत्रात पहिलं नाव बहुधा ज्याने हातांनी काम केलं आणि मसुदा लिहिला त्याचं असतं. शेवटचं नाव ज्याच्या प्रयोगशाळेत किंवा ज्याच्या कल्पनेवर काम झालं त्याचं. मधली नावं म्हणजे लग्नपत्रिकेतले ‘आपले विनीत’. कुणी रुग्ण पाठवले, कुणी स्लाइड बघितल्या, कुणी माझ्यासारखीने आकडेमोड केली. मोठ्या ट्रायलमध्ये अशी तीस-चाळीस नावं असणं रास्त आहे. पण आयुष्यभर फक्त मधलंच नाव असेल तर त्या माणसाचा स्वतःचा प्रश्न कुठला, हे कळायला मार्ग नाही. विभागप्रमुख म्हणून प्रत्येक पेपरवर नाव, ही तर जुनी रीत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिने लेखक म्हणवून घ्यायच्या चार अटी घातल्यात: कामात खरा वाटा, लिहिण्यात वा तपासण्यात हात, अंतिम मसुद्याला संमती आणि चुकीची जबाबदारी. चौथ्या अटीशी लोक नेमके गळतात.

मी स्वतः गळले होते, म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पेपरवर ‘तुमचंही नाव घालतो’ म्हटलं गेलं, मी खूश होऊन हो म्हटलं, तक्ते बारकाईने पाहिले नाहीत. छापून आल्यावर लक्षात आलं की तक्ता ३ मधल्या दोन गटांचे आकडे उलटसुलट झालेत. निष्कर्ष बदलत नव्हता, पण चूक ती चूक. शुद्धिपत्र छापून घ्यायला ११ महिने लागले, कारण बाकीच्या लेखकांना ‘कशाला उगाच’ वाटत होतं. आज माझ्या यादीत ते शुद्धिपत्र दिसतं, आणि खरं सांगायचं तर त्या यादीत मला सर्वांत कमी लाज वाटते ती त्याचीच.

जर्नल कुठलं, हा पुढचा भाग. यात जास्त वेळ घालवत नाही. आम्हाला रोज मेल येतात, “ग्रीटिंग्ज ऑफ द डे, डिअर एमिनंट प्रोफेसर”, पाच दिवसांत छापतो, एवढे डॉलर भरा. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाने एक गंमत केली होती. जॉन बोहॅनन या पत्रकाराने दगडफुलातलं एक रसायन कॅन्सरच्या पेशी मारतं, असा धडधडीत चुकांनी भरलेला खोटा पेपर रचला. लेखकांची नावं खोटी, संस्था खोट्या. तो ३०४ जर्नलांना पाठवला आणि १५७ जणांनी स्वीकारला. विषय कॅन्सरच होता, हे विसरू नका. तेव्हा नावात ‘इंटरनॅशनल’ आहे म्हणून भुलू नये. तुमच्या ३१ पैकी नऊ पेपर अशा ठिकाणचे आहेत की मी ते वाचलेच नाहीत.

माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात एच-इंडेक्सही दिलाय. २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेलं माप आहे ते. एच २० म्हणजे त्या माणसाचे २० पेपर असे, की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी निदान २० वेळा केलाय. ठीक आहे, काहीच नसण्यापेक्षा बरं. पण वय वाढलं की ते वाढतंच, कमी कधी होत नाही. आणि केळीवाले प्राध्यापक माझ्या खात्यात असतील तर त्यांचे उल्लेखही माझेच.

आता या विषयात खरा दमदार रेकॉर्ड दिसतो कसा ते सांगते, कारण त्याशिवाय तुलना कशाशी करणार? २०१८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल इम्युनोथेरपीला मिळालं, जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना. अ‍ॅलिसन यांचा तो गाजलेला पेपर १९९६चा, ‘सायन्स’मधला. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशींवर, सीटीएलए-४ नावाचा ब्रेक असतो. तो अँटिबॉडीने अडवला तर उंदरांच्या गाठी विरघळतात, एवढंच त्यात होतं. त्या पेपरवर अ‍ॅलिसन यांचं नाव शेवटी आहे, पहिलं नाव त्यांच्या प्रयोगशाळेतल्या लीच यांचं. माणसांवरचा मोठा निकाल यायला २०१० उजाडलं. मेलेनोमाचे, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचे, ६७६ रुग्ण, तोच ब्रेक अडवणारं औषध इपिलिमुमॅब. २०११मध्ये अमेरिकेत मंजुरी. आणि गंमत बघा, त्या २०१०च्या पेपरवरच्या लांबलचक लेखकयादीत अ‍ॅलिसन यांचं नावच नाही! म्हणजे पेपर मोजणाऱ्याच्या हिशेबात तो त्यांच्या खात्यात शून्य. पण झाड त्यांनीच लावलेलं.

होन्जो यांचं तर आणखी लांबचं. त्यांच्या प्रयोगशाळेला पीडी-१ नावाचं टी-पेशींवरचं दुसरं प्रथिन सापडलं १९९२ला, तेही पेशी मरतात कशा हे शोधताना. कॅन्सरचं नावही नव्हतं. १९९९ला त्यांनी दाखवलं की पीडी-१ काढून टाकलेल्या उंदरांना ल्युपससारखा आजार होतो. म्हणजे हा ब्रेक आहे आणि तो काढला की शरीर स्वतःवरच उलटतं. आज हाच ब्रेक अडवणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबवर असलेल्या माणसाचं थायरॉइड बिघडतं, आतड्याला किंवा फुप्फुसाला सूज येते, त्यामागचं कारण त्या उंदरांमध्येच दिसलं होतं. २०१४ला पीडी-१ अडवणारी औषधं बाजारात आली. बावीस वर्षं एकाच धाग्याला धरून राहणं, याला मी रेकॉर्ड म्हणते. यादी वाचताना मी हेच शोधते. माणूस कुठल्या प्रश्नाला चिकटून राहिला, की ज्या वर्षी जे चाललंय त्यावर लिहीत गेला?

दुसरं जे शोधते ते अपयश. स्टीव्हन रोझेनबर्ग या अमेरिकन सर्जननी १९८५ला इंटरल्युकिन-२ हे प्रतिकारपेशींना चेतवणारं प्रथिन देऊन गाठी आकसल्याचं छापलं तेव्हा जगभर बातमी झाली. पण त्याआधी साठाहून अधिक रुग्णांवर त्यांचे प्रयत्न फसले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. अगदी अलीकडचं उदाहरण एपाकॅडोस्टॅट या गोळीचं. पेम्ब्रोलिझुमॅबला जोडून दिली तर कमाल होते, असे सुरुवातीचे छोटे अभ्यास सांगत होते, पेपरांचा पाऊस पडत होता. २०१८मध्ये ७०६ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलचा निकाल आला: काडीचा फरक नाही. ज्यांनी ती ट्रायल केली त्यांनीच तो निकाल छापला. तसं धाडस तुमच्या यादीतल्या ३१ पेपरांत मला एकदाही दिसलं नाही. सगळे निकाल ‘आशादायक’. इतकी वर्षं सगळंच आशादायक असेल तर मला घाम फुटतो. २०१२ला अ‍ॅमजेन या औषध कंपनीच्या माणसांनी छापलं होतं की कॅन्सरच्या ५३ नावाजलेल्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांची त्यांनी फेरतपासणी केली, त्यांपैकी ६ खरे उतरले. तेही चांगल्या जर्नलांतले.

दूर कशाला जायचं. तुम्ही ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून पनवेल लोकल पकडलीत तर खारघरला उतरून रिक्षाने सेक्टर २२ला पोचता, तिथे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, मागे डोंगर. ४ जून २०२१ला तिथल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमध्ये देशातली पहिली कार-टी सेल थेरपी (रुग्णाच्याच पेशी बदलून कॅन्सरवर सोडायचा उपचार) दिली गेली. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून केलेलं काम. ऑक्टोबर २०२३मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, २०२५मध्ये ६४ रुग्णांचा निकाल ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आला. किती जणांना गुण आला ते आहे, दुष्परिणामही आहेत. पेपर मंजुरीनंतर आला म्हणून नाक मुरडणारेही भेटले मला, पण ट्रायल आधीपासून नोंदलेली होती, लपवाछपवी नव्हती.

हे मुद्दाम सांगितलं, कारण तुमच्या मावसभावाचा गोंधळ इथेच झालाय असं मला वाटतं. कार-टीमध्येही रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी घेतात. त्यांना प्रयोगशाळेत नवं यंत्र बसवतात आणि परत सोडतात. पण ती मंजुरी बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, ल्युकेमिया-लिम्फोमा. फुप्फुसाच्या गाठीसाठी नाही. माहितीपत्रकातली ‘पेशींची लस’ ही वेगळीच गोष्ट, फक्त ‘तुमच्याच पेशी’ हे शब्द सारखे. पेशींच्या लसीची कल्पनाही भोंदू नाही बरं का. सिप्युल्युसेल-टी नावाच्या अशाच उपचाराला अमेरिकेने २०१०मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मंजुरी दिली. ५१२ रुग्णांची ट्रायल होती आणि सरासरी आयुष्य चारेक महिन्यांनी वाढलं. पण ते प्रोस्टेटसाठी, त्या एका उत्पादनासाठी. दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर आपल्याला प्रवेश मिळत नाही.

आणखी एक पेपर जवळून दाखवते, कारण तो आपल्या मुंबईचा आहे आणि पेपर कसा वाचायचा ते त्यावरून चांगलं कळतं. परळच्या टाटा हॉस्पिटलचा, ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मधला. पहिलं नाव डॉ. विजय पाटील, शेवटचं डॉ. कुमार प्रभाष. विषय तोंड-घशाचा पुढे गेलेला कॅन्सर, म्हणजे आपल्याकडे तंबाखूने घरोघरी आणलेला. प्रश्न साधा आणि आपल्या मातीतला: निव्होलुमॅब, म्हणजे पीडी-१ अडवणारंच दुसरं औषध, पूर्ण डोसात बहुतेकांना परवडत नाही, तर अगदी थोडं दिलं तर चालेल का? पूर्ण डोस एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. यांनी दिलं दर तीन आठवड्यांनी २०. रुग्ण १५१. निम्म्यांना तीन स्वस्त गोळ्या, निम्म्यांना त्याच गोळ्या आणि वर हे २० मिलिग्रॅम. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं, डॉक्टरच्या मर्जीने नाही. वर्षभरानंतर जिवंत किती? नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के, निव्होलुमॅब जोडल्यावर ४३.४.

पेन्सिल घेऊन मी या पेपरात काय बघते? तुलनेला गट आहे, आहे. मोजलं काय, तर गाठ किती मिलिमीटर आकसली हे नव्हे, माणूस जगला का. दुष्परिणाम दोन्हीकडचे छापलेत. मग मर्यादा: पूर्ण डोसाशी तुलना केलेली नाही, त्यामुळे ‘२० म्हणजे २४० एवढंच’ असं हा पेपर म्हणत नाही. आणि रुग्ण तोंड-घशाचे आहेत. म्हणून ताई, कुणी हा पेपर दाखवून ‘बाबांनाही थोडंसंच द्या’ म्हणालं तर तो निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टवर सोडा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

बाबांना सुचवलेल्या पेम्ब्रोलिझुमॅबचाही पेपर आहे. २०१६चा, कीनोट-०२४ नावाच्या ट्रायलचा. ज्यांचं पीडी-एल१ ५० टक्के किंवा जास्त, असे ३०५ रुग्ण. एका गटाला केमो, दुसऱ्याला हे औषध. पाच वर्षांनी केमोच्या गटातले १६.३ टक्के जिवंत होते, या औषधाच्या गटातले ३१.९. (१६.३ हा आकडा दोन्हीकडे आला हा निव्वळ योगायोग. मी दोनदा तपासला.) केमोवर आजार वाढला की तिकडच्या रुग्णांना पुढे पेम्ब्रोलिझुमॅब घ्यायची मुभा होती, बऱ्याच जणांनी घेतलंही, आणि तरी एवढा फरक राहिला. यात ‘बरे होतात’ असं कुणी म्हटलेलं नाही, आणि दोनतृतीयांश लोक पाच वर्षं गाठत नाहीत हेही त्याच ओळीत आहे. चांगला पेपर दोन्ही सांगतो.

आता परत तुमच्या १४ पानांकडे. नऊ संशयास्पद सोडले तर २२ पेपर उरतात, आणि ते खरे आहेत. पबमेडवर आहेत, मागे घेतलेले नाहीत. मागे घेतलेल्या पेपरवर पबमेड ठळक सूचना लावतं, शिवाय रिट्रॅक्शन वॉचची यादी फुकट बघता येते. काही पेपरांत डॉक्टरांचं पहिलं नाव आहे. पण ते कशावर आहेत? बहुतेक प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर, थोडे रक्ततपासणीच्या पद्धतीवर, पाच जुन्या केमोवर. ज्या लसीचे सहा डोस ते बाबांना देऊ पाहतायत, त्या लसीवर तुलनेच्या गटासह केलेला माणसांवरचा एकही पेपर नाही. १८७ नाही, २२ नाही, शून्य. माणूस शिकलेला आहे, रेकॉर्ड बोगस म्हणणार नाही. फक्त तो रेकॉर्ड या इंजेक्शनबद्दल अवाक्षर काढत नाही.

म्हणून क्लिनिकला एकच गोष्ट विचारा: हे ट्रायल आहे की उपचार? ट्रायल असेल तर ती सीटीआरआयवर, म्हणजे आपल्या देशाच्या ट्रायल नोंदवहीत असली पाहिजे. २००७ला सुरू झाली, २००९पासून औषध नियंत्रकांनी नोंद सक्तीची केली. संकेतस्थळावर औषधाचं, आजाराचं किंवा डॉक्टरांचं नाव टाका. किती रुग्ण घेणार, कुठल्या एथिक्स कमिटीने संमती दिली, सगळं निघतं. मग तुम्हाला मराठीतलं माहितीपत्र मिळालं पाहिजे, घरी नेऊन वाचायला वेळ मिळाला पाहिजे. आणि संशोधनासाठी म्हणून होणारा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं तसं स्पष्ट सांगतात. पैसे मागत असतील तर मग तो उपचार झाला, आणि उपचार असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी औषध नियंत्रकांची मंजुरी कुठंय ते कागदावर दाखवा. एथिक्स कमिटीवर असताना मी पाहिलंय, अडचणीत आलेला माणूस पैसे घेताना ‘उपचार’ म्हणतो आणि पुरावा मागितला की ‘संशोधन’ म्हणतो. दोन दगडांवर पाय ठेवू देऊ नका.

मावसभावावर रागावू नका मात्र. घरात चौथी स्टेज आली की प्रत्येकाला काहीतरी आणून द्यायचं असतं. आमच्या घरी आत्याच्या वेळी मी, आकड्यांची बाई, बदलापूरच्या एका वैद्याकडून काढा आणला होता. आत्या तो घेत नव्हती, मी समोर बसून पाजत होते.

दुसरा मुद्दा, तुमच्या सध्याच्या ऑन्कॉलॉजिस्टबद्दल तुम्ही लिहिलंय, “त्यांचे फक्त सहाच पेपर सापडले.” बरं मग? ओपीडीत दिवसाला साठ रुग्ण बघणाऱ्या माणसाला लिहायला रात्र उरते. मला आधी बघायचं असतं ते हे, की असं औषध त्यांनी किती जणांना दिलंय, रात्री अकराला जुलाब लागले वा दम लागला तर फोन कोण उचलतं, आणि इम्युनोथेरपीच्या फुप्फुसाच्या सुजेत स्टेरॉइड लगेच सुरू करायला लागतं हे त्यांच्या ज्युनिअरलाही ठाऊक आहे का. सहा पेपरांपैकी एक मी उघडून पाहिला. इम्युनोथेरपीच्या दुष्परिणामांवरचा आहे, पहिलं नाव त्यांचंच. त्यात त्यांनी एक रुग्ण उशिरा ओळखल्याचं स्वतःहून लिहिलंय.

तुमची पानं स्कॅन करून परत पाठवतेय. पेन्सिलीने गोल केलेले २२ ते खरे, फुलीचे नऊ संशयास्पद, उसाच्या किडीपुढे उद्गारचिन्ह आहे. एक काम मात्र लगेच करा. कीनोट-०२४मध्ये ज्यांच्या गाठीत ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल होता अशांना घेतलंच नव्हतं, कारण त्यांच्यासाठी गोळ्यांचा वेगळा रस्ता असतो. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या कागदांत, १४ पानांच्या यादीपासून सीटी स्कॅनच्या बिलापर्यंत, या बदलांच्या तपासणीचा रिपोर्ट कुठेच नाही. झालाय का, नसेल तर बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, कुठल्या लॅबमध्ये आहे, हे मंगळवारच्या ओपीडीत आधी विचारा.